वय झालेल्या नातेवाइकांना भेटायला बाईकवर जाताना: पहिल्या फोनपासून शेवटच्या फोनपर्यंत

मावशीला मी एकदा फोनवर सांगितलं की अकराला पोचतो. वाटेत मागचं टायर पंक्चर झालं, टायर ट्यूबवालं, चाक काढायला माझ्याकडे पाने नाहीत, फोनला रेंज नाही, मदत मिळून निघेपर्यंत दीड वाजून गेला. पोचलो तेव्हा मावशी दारातल्या खुर्चीत बसलेली होती, साडेदहापासून. जेवली नव्हती, दुपारची गोळी जेवणानंतरची म्हणून तीही राहिलेली, आणि काका सारखे आतबाहेर करून दमून गेलेले. मला काहीच झालं नव्हतं, जे काही झालं ते त्यांना झालं होतं. तेव्हापासून या राईडची तयारी मी वाट बघणाऱ्या माणसाच्या बाजूने करतो, गाडीच्या बाजूने नाही. गाडीचं सगळं बघायचंच असतं, ते खाली सविस्तर लिहिलंय, पण का बघायचं ते आधी डोक्यात असलं की कंटाळा येत नाही.

आधी फोन

तीन-चार दिवस आधी फोन करा. न सांगता जाऊन दारात उभं राहायचं आणि सरप्राइज द्यायचं हे मित्राकडे चालतं, ऐंशीच्या घरातल्या माणसाकडे नको. कवळी लावलेली नसते, केस विंचरलेले नसतात, रात्री झोप झालेली नसते, आणि तुम्ही समोर उभे राहिलात की त्यांना आनंदाच्या आधी ओशाळल्यासारखं होतं. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. त्या दिवशी डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे का, दुपारी किती वाजता आडवे होतात, आणि येताना काय आणू. तिसऱ्या प्रश्नाला हमखास "काही नको, तू ये फक्त" असं उत्तर येतं, तेव्हा नेमकं विचारा. कानाच्या मशीनचे सेल संपलेत का? चष्म्याची दोरी हवीय का? बाथरूममधला बल्ब गेलाय का? असं विचारलं की मग खरं उत्तर येतं.

कानाच्या मशीनच्या सेलचं जरा सांगतो कारण मी स्वतः एकदा चुकीचे घेऊन गेलोय. त्यांच्यावर रंगीत चिकटपट्टी असते आणि रंगावरून साईज कळते: पिवळी म्हणजे १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळी ६७५. त्यामुळे फोनवर नुसतं "पट्टीचा रंग कुठला" एवढं विचारलं तरी काम होतं. हे सेल हवेवर चालतात, पट्टी काढली की चालू होतात आणि मग वापरा न वापरा उतरतच जातात, म्हणून "बघू बरं" म्हणत पट्ट्या काढून ठेवू नका. लावताना पट्टी काढून मिनिटभर तसाच उघडा ठेवायचा आणि मग मशीनमध्ये घालायचा.

आता वेळ. नेमकी वेळ कधीच सांगू नका. मॅप जो वेळ दाखवतो त्यात तुमचे थांबे धरलेले नसतात. समजा १८० किमी अंतर आहे आणि मॅप चार तास म्हणतोय, तर तीन थांबे पंधरा-पंधरा मिनिटांचे, एक पेट्रोलचा, आणि वर पाऊण तास हातचा ठेवायचा म्हणजे झाले जवळपास सहा. सकाळी सहाला निघणार असाल तर "बाराच्या आसपास, एक पण वाजेल, तुम्ही जेवून घ्या" असं सांगा. जेवून घ्या हे मुद्दाम सांगा आणि गोळीची आठवण पण त्याच वाक्यात करा.

आणि हे पण सांगून ठेवा की गाडी चालवताना मी फोन उचलणार नाही, थांबलो की मीच करेन. हे आधी सांगितलं नसेल तर न उचललेली प्रत्येक रिंग त्यांच्या छातीत धडकी भरवते. लाइव्ह लोकेशन पाठवायचं असेल तर ते घरातल्या दुसऱ्या कुणाला, मामेभावाला, बहिणीला पाठवा, म्हाताऱ्या माणसाला नको. मॅपवरचा ठिपका सिग्नल नसल्याने दहा मिनिटं हलला नाही तरी त्यांचा जीव वरखाली होतो.

सर्दी-खोकला, ताप, घसा काही असेल तर सरळ पुढे ढकला. तुमचा दोन दिवसांचा खोकला त्यांना आठ-पंधरा दिवस अंथरुणात घालू शकतो. वाईट वाटेल त्यांना, पण पुढची तारीख लगेच त्याच फोनवर ठरवून टाका.

गाडी, निदान दोन दिवस आधी

निघायच्या सकाळी गाडी तपासण्यात काही अर्थ नाही, काही सापडलं तरी तेव्हा करणार काय. आणि सर्व्हिसिंग पण अगदी आदल्या संध्याकाळी करून आणू नका. काहीतरी उघडलेलं, परत बसवलेलं असतं, ते पन्नासेक किमी चालवून बघितलेलं बरं. नवीन टायर टाकले असतील तर पहिले शंभर-दीडशे किमी त्यांना पकड कमी असते, नवीन ब्रेक पॅड पण बसायला थोडा वेळ घेतात, हे दोन्ही लांबच्या राईडवर शिकायच्या गोष्टी नाहीत.

टायरपासून सुरुवात करा. हवा टायर थंड असताना भरायची, गाडी तीन-चार किमी चालवून गेलात की आतली हवा तापून प्रेशर जास्तच दाखवते. आकडा बघायचा तो चेन कव्हरजवळच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर नाहीतर मॅन्युअलमध्ये, टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरायचा आकडा नाही. सामान असेल तर मागच्या टायरसाठी वेगळा, जास्तीचा आकडा बहुतेक दिलेला असतो. टायरचं वय पण बघा, कडेला अंडाकृती चौकटीत चार अंक असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातलं टायर. नक्षी भरपूर दिसत असली तरी रबर म्हातारं होतं, कडेला बारीक भेगा दिसायला लागल्या की बदलायची वेळ झाली. नक्षीच्या खोबणीत मधेमधे रबराची आडवी उंचवटी असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की संपलं.

मग चेन. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून बघायची, बऱ्याच रस्त्यावरच्या बाईकना २० ते ३० मिमी ढिलाई सांगितलेली असते पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा तोच खरा. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघा कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. खूप लोकांना वाटतं घट्ट चेन म्हणजे चांगली चेन, ते उलटं आहे. सामान लादलं, खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते, आधीच घट्ट असेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. ल्यूब, म्हणजे चेनचं वंगण, आदल्या संध्याकाळी, गाडी थोडी चालवून चेन कोमट असताना लावा, रात्रभरात आत मुरतं. सकाळी लावून निघालात तर अर्धं मागच्या रिमवर उडालेलं दिसेल.

ब्रेक पॅडची जाडी, ब्रेक ऑइलची लेव्हल, इंजिन ऑइल (गाडी सरळ उभी धरून बघायचं, साइड स्टँडवर चुकीचं दिसतं), दोन्ही ब्रेकने मागचा लाल दिवा लागतो का, इंडिकेटर, हॉर्न, क्लच केबलचे धागे लिव्हरजवळ उसवलेत का. हे सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे.

पंक्चरच्या किटआधी आपलं टायर कुठलं ते माहिती पाहिजे. ट्यूबलेस असेल तर प्लगचं (भोकात ठासायच्या रबरी वातीचं) किट आणि छोटा पंप पुरतो, मात्र प्लग फक्त मधल्या नक्षीच्या भागात लावायचा, कडेला भोक पडलं असेल तर नाही. तारांच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते, तिथे प्लग काही कामाचा नाही, चाक काढायचे पाने, टायर लिव्हर आणि एक नवीन ट्यूब लागते. आणि हे सगळं घरी अंगणात एकदा स्वतःच्या हाताने करून बघितलेलं पाहिजे. माझ्याकडे त्या दिवशी असते आणि येत असतं तर मावशी दारात तीन तास बसली नसती.

अंगावर काय

हेल्मेटचा पट्टा लावून खालून मागून वर ढकलून बघा, निघून येत असेल तर ते हेल्मेट नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नये, आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो, बाहेरून नीट दिसलं तरी आत दबलेला राहतो. जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, हे अंतर कितीही कमी असलं तरी घालाच.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगतो, कानात बोळे घाला. १०० किमीच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. दोन-तीन तास ते ऐकलं की कान बधिर होतात, थोडा वेळ का होईना पण कमी ऐकू येतं, आणि आपण नकळत ओरडून बोलायला लागतो. आता समोर आजोबा, त्यांना आधीच कमी ऐकू येतंय, आणि तुम्हाला पण! पहिला तासभर दोघांचं नुसतं "काय?" "काय म्हणालास?" चालतं. फोमचे साधे बोळे पुरतात, वाऱ्याचा घोंघाट कमी होतो आणि हॉर्न ऐकू येतोच. काही ठिकाणी गाडी चालवताना कानात काही घालायला बंदी असते, तुमच्याकडचा नियम तेवढा बघून घ्या.

सामान

जड वस्तू खाली आणि तुमच्या पाठीजवळ, हलक्या वर आणि मागे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं. बांधलेल्या पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून आत खोचा, एक टोक सुटून चेनमध्ये किंवा चाकात गेलं की चाक जाम होतं. निघाल्यावर पंधरा-वीस किमीवर एकदा थांबून सगळ्या गाठी हाताने ओढून बघायच्या, सामान दबतं आणि पट्ट्या ढिल्या होतात.

औषधं नेत असाल तर ती सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत ठेवू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, ते थंड पिशवीत घ्या, पण बर्फाच्या पॅकला थेट चिकटू देऊ नका, मधे कापडाची घडी घाला, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, परत वितळवून वापरायचं नसतं. कागदपत्रं, फोटो वगैरे सपाट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि तो पण कपड्यांच्या मधे. बॅगेत एक कप्पा रिकामा राहू द्या, परत निघताना ते काहीतरी हातात देणारच आणि "जागा नाही" हे वाक्य त्यांना ऐकवायचं नाही.

रस्त्यावर

उजाडताना निघा. अंधारात निघून दोन तास वाचवण्यात मला अर्थ वाटत नाही, झोप अर्धवट झालेली असते आणि रस्ता पण दिसत नाही. तासा-दीड तासाने थांबायचंच, दमला नसलात तरी. थकवा आलाय हे कळायच्या आधीच हातपाय संथ झालेले असतात. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, वाऱ्यात घाम लगेच सुकतो म्हणून घाम आलाय हेच कळत नाही. दुपारी दोन ते चार शरीराला आपोआप पेंग येते, त्या वेळात रस्त्यावर नसलेलं उत्तम.

पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. ६० च्या वेगाला एका सेकंदात जवळपास १७ मीटर जातात, ८० ला २२ मीटर, म्हणजे समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढा रस्ता संपलेला असतो. पावसात अंतर दुप्पट करा. पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात निसरडी, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर तरंगते, तेवढा वेळ सरळ आडोशाला थांबा. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असताना त्यांच्यावर ब्रेक नको आणि गाडी झुकवणं पण नको.

प्रत्येक थांब्यावर फोन करायची गरज नाही, मधे एकदा पुरे. "अर्ध्यात आलोय, सगळं ठीक, बारा-एक होईल" एवढंच. उशीर होणार असं दिसलं की मात्र लगेच सांगा, दहा मिनिटांत भरून काढू असं म्हणत वेग वाढवू नका. उशिराचा फोन आला तर वाट बघणारं माणूस उठून जेवायला बसतं. फोनच आला नाही तर मात्र ते खुर्चीतून हलत नाही.

शेवटचा किलोमीटर आणि दार

घर एक-दोन किमी राहिलं की थांबा. हेल्मेट काढा, पाणी प्या, तोंड पुसा, पाठ मोकळी करा, पाच मिनिटं बसा. ही पाच मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. तीन-चार तासांचा ताण चेहऱ्यावर असतो आणि दारातल्या माणसाला पहिल्यांदा तो चेहरा दिसतो. शिवाय ओळखीच्या गल्लीत शिरलो की मन सैल पडतं, तिथेच कुत्रं आडवं येतं नाहीतर वळणावर खडी असते.

दारात हॉर्न वाजवू नका, दचकतात आणि घाईत उठतात. वयात एकदम उठलं की रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते आणि तोल जातो. बेल वाजवायच्या आधी हेल्मेट काढलेलं असू दे, नजर अधू असेल तर हेल्मेटमधला माणूस त्यांना अनोळखीच वाटतो. बेल वाजवून वाट बघा, निदान दोन मिनिटं, परत परत वाजवायची नाही.

गाडी लावताना त्यांच्या चालायच्या वाटेपासून लांब लावा, सायलेन्सर भिंतीकडे किंवा झाडाकडे करून. म्हातारी माणसं चालताना जे हाताला लागेल त्याचा आधार घेतात, आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीचा सायलेन्सर निदान अर्धा तास तरी हात लावण्यासारखा नसतो. त्यांची कातडी पातळ झालेली असते, भाजलं तर भरून यायला फार वेळ लागतो. जमीन मऊ असेल तर साइड स्टँडखाली सपाट दगड किंवा फळी ठेवा. आत गेल्यावर हेल्मेट, बूट, बॅग वाटेत जमिनीवर नाही, कोपऱ्यात.

माझे काका स्वतः तीस वर्षं गाडी चालवलेले. गाडी थंड झाली की ते बाहेर येतात, टाकीवर तळहात ठेवतात, किती किमी झाले विचारतात, आणि मग डाव्या हाताची चार बोटं क्लचवर ठेवून हळूच दाबून बघतात. गेल्या वेळी म्हणाले, "केबल बदल रे, जड झालीय." मला महिनाभर कळलं नव्हतं कारण रोज थोडी थोडी जड होत गेलेली. अशा वेळी घाई करू नका, उभे राहा त्यांच्याजवळ. बसून बघायचं असेल तर गाडी मेन स्टँडवर घेऊन, तुम्ही बाजूला धरून. चक्कर मारून आण म्हणाले तर मी नाही म्हणतो, प्रेमाने पण नाहीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील तर उभ्या गाडीवरून पडणंसुद्धा फार महागात जातं.

घरात

पहिला तास नुसतं बसा. कामाची यादी लगेच काढू नका. टीव्ही बंद करा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं समोर बसा, खिडकीला पाठ करून नाही. वयाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, स, श, फ, थ असली अक्षरं, म्हणून "पास" आणि "पाप" सारखंच ऐकू येतं. ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात, ही अक्षरं तशीच पुसट राहतात. म्हणून आवाजाची पट्टी थोडी खाली आणून, सावकाश, ओठ दिसतील असं बोला. कळलं नाही तर तेच वाक्य चार वेळा म्हणण्याऐवजी शब्द बदलून बघा.

मग एखादं काम. उंचावरचा बल्ब, फोनमधली अक्षरं मोठी करणं, सतरंजीचा उचललेला कोपरा चिकटवणं, बिछान्यापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा छोटा दिवा. औषधांच्या डब्यातली तारीख उलटलेली पाकिटं त्यांच्यासमोर, त्यांना विचारून बाजूला काढा. चालू औषधांची नावं, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची हे फोनमध्ये लिहून घ्या, रात्री-अपरात्री हॉस्पिटलात विचारतात तेव्हा कुणालाच आठवत नसतं. कपडे अंगावर सैल झालेत का, गोळ्या हव्यात त्यापेक्षा जास्त उरल्यात का, बिलं न उघडता पडलीत का, हे लक्षात ठेवा पण तिथे उपदेश करू नका. घरी येऊन बाकीच्या भावंडांशी बोला.

परत निघताना

किती वाजता निघणार ते आल्या आल्याच सांगून टाका, "चारला निघतो, पोचलो की फोन करेन." शेवटी एकदम उठून निघालं की त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. टायर, चेन, पट्ट्या परत एकदा बघायच्या त्या ते दारात यायच्या आधी, नाहीतर गाडीभोवती फिरताना बघून त्यांना वाटतं की काहीतरी बिघडलंय. निघताना पहिला गिअर हळू, मागे वळून हात करायचा तो गाडी हलायच्या आधी.

आणि घरी पोचलात की बॅग सोडायच्या आधी फोन. मेसेज नको, फोनच. मी चाव्या हातात असतानाच लावतो, मावशी पहिल्याच रिंगला उचलते. सावकाश सांगतो, "मावशी, पोचलो गं." ती म्हणते, "बरं, आता दिवा बंद करते."